राखून ठेवलेल्या खोल्या

६ ऑक्टोबर

तुम्हांला काय म्हणून हाक मारावी ते सुचत नाही, म्हणून वरची जागा कोरीच सोडली आहे.

काल तुम्ही माझ्या दुकानातून गेलात तेव्हा खुर्चीच्या हातावर तुमचं कार्ड राहिलं होतं. राहिलं की ठेवलंत, ते तुमचं तुम्हांला माहीत. त्यावर जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता आहे, तिथेच हे पाठवतो आहे. फोन करणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि शब्द मात्र सापडत नाहीत.

जे घडलं ते मला एकदा सरळ लिहून काढू द्या, कारण कालपासून ते डोक्यात नीट बसत नाही. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही आलात आणि डोळे तपासायचे आहेत म्हणालात. मी तुम्हांला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर ती तपासणीची जड चौकट चढवली, एक डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. तुम्ही वाचेनात. मी काच बदलून विचारलं, आता बरं दिसतंय की मघाशी? त्यावर तुम्ही म्हणालात, "विचारताना तुम्ही अगदी त्यांच्यासारखी मान कलती करता." मी म्हटलं, कुणासारखी? चौकट नाकावर तशीच ठेवून तुम्ही माझ्या वडिलांचं नाव घेतलंत. पुढे म्हणालात, "ते माझेही वडील."

मी दिवा लावला. लावला नसता तर बरं झालं असतं. रोज सकाळी दाढी करताना आरशात जी हनुवटी दिसते, ती माझ्यासमोर खुर्चीत बसली होती.

त्यानंतर तुम्ही बरंच काही बोललात. लॉज, खोल्या, डोंगर, समुद्र, जुन्या शहराचे अवशेष, डिसेंबर, आपण सगळे. माझ्या कानात नुसती घरघर चालली होती. एक तर ही बाई वेडी आहे, नाहीतर ठग आहे, एवढंच मला कळत होतं. मी दार उघडून धरलं आणि चालू लागा म्हटलं. तुम्ही चौकट उतरवून ट्रेमध्ये नीट ठेवलीत, खण लोटलात आणि गेलात. ठग असं करत नाहीत, हे मला नंतर सुचलं.

माझे वडील रुग्णालयांतली एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायचे. नोकरीच फिरतीची. निवृत्त झाल्यावरही जुन्या दवाखान्यांना नाही म्हणवत नाही म्हणून महिन्यातून दोनदा बॅग उचलायचे. त्यात कधी कुणाला वावगं वाटलं नाही. बसमध्ये तिकीट राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी कंडक्टरला शोधून पैसे देणारा माणूस होता तो. ऑगस्टमध्ये जेवता जेवता गेले. आई अजून त्यांचा टॉवेल दोरीवरून काढत नाही.

तेव्हा तुम्ही चुकीच्या दारात आला आहात. पुन्हा येऊ नका.

तरी एक विचारतो, कारण विचारल्याशिवाय मला दुकान उघडवणार नाही. ते कधीही बनियनशिवाय बाहेर दिसले नाहीत. त्यांच्या पाठीवर काय होतं?


१५ ऑक्टोबर

उजव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग, तळहाताएवढा, कडेला सुरकुतलेला. लहानपणी उकळतं पाणी सांडलं होतं.

बरोबर आहे.

तुमचं पाकीट मी काचा घासायच्या यंत्राजवळ उभ्याने फोडलं. दुकानात एक आजोबा चष्म्याची दांडी घट्ट करायला बसले होते. मी त्यांच्या दांडीचा स्क्रू हरवून बसलो आणि शेवटी नवी चौकट फुकट देऊन टाकली. ते अजून आशीर्वाद देत असतील.

तुम्ही लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे, आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडखळतो. ते गेले हे तुम्हांला लॉजच्या मॅनेजरने सांगितलं.

त्या फोनची आमच्याकडची बाजू आज कळली. मी बायकोला विचारलं. सप्टेंबरअखेरीला घरी फोन आला होता. साहेबांनी डिसेंबरच्या खोल्या सांगून ठेवल्यात, पक्क्या करायच्या का, असं तो माणूस विचारत होता. तिने सांगितलं, साहेब वारले, रद्द करा. तो हळहळला आणि म्हणाला, बरं, मग दुसऱ्या कुटुंबाला विचारतो. तिला वाटलं, दुसरं कुठलंतरी गिऱ्हाईक असेल. तिने फोन ठेवला आणि कुकरकडे वळली. त्याने पुढचा फोन तुम्हांला लावला आणि सांगितलं, साहेब गेले हो, तिकडच्या घरून कळलं, मग तुमच्या खोल्या ठेवू का?

दीड-दोन महिने तुम्ही दोघी वाट बघत होता, आणि कळलं ते असं.

आणखी एक सांगायला हवं. ते गेल्यानंतर काही दिवस त्यांचा फोन वाजत होता. पडद्यावर 'दवाखाना' असं यायचं. मला वाटलं, कुठलं तरी यंत्र बंद पडलं असेल. बघेल दुसरा माणूस, म्हणून मी तो बंद करून कपाटात टाकला. तो तुमचा दवाखाना होता. तुम्ही होता.

मी ते सगळं खरं मानलं आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पण मानणं वेगळं आणि अंगात उतरणं वेगळं. सकाळी ब्रश हातात घेऊन मी नुसता उभा राहतो.

दरवर्षी डिसेंबरात आम्ही डोंगरात जायचो. त्याच लॉजमध्ये, वरच्या अंगाच्या दोन खोल्यांत. आणि दरवर्षी तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी रुग्णालयाचं यंत्र बंद पडायचं. बाबा चहा अर्धा टाकून उठायचे, आम्ही उरलेले दिवस त्यांच्याविना काढायचो. आई त्या अनोळखी रुग्णालयाला शिव्या घालायची. आता तुम्ही लिहिता की त्याच मालकाचं दुसरं लॉज खाली किनाऱ्यावर आहे आणि तुमच्याकडे ते दर डिसेंबरला थकून यायचे, बुटांना लाल माती असायची, आणि ते बूट धुवायचं काम तुमच्याकडे होतं.

ती आमच्या डोंगराची माती होती.

तुमच्या आईला त्यांनी सांगितलं होतं की उंचावर गेलं की मला चक्कर येते. अहो, कड्याच्या टोकाशी पाय सोडून बसायचे ते. आम्ही मागून ओरडायचो. आणि आम्हांला काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? खारं वारं माझ्या छातीला बाधतं. किनाऱ्यावर नुसता उभा राहिलो तरी धाप लागते. आई चाळीस वर्षं त्यांच्यासाठी समुद्राचं नावसुद्धा काढत नव्हती.

या वर्षी ते आम्हांला म्हणाले होते, 'औंदा तिन्ही करू, डोंगर, समुद्र आणि मधे ते जुनं शहरही बघू.' आई म्हणाली, छातीचं काय? म्हणाले, 'बघू, आता काय व्हायचंय?' तुम्हांलाही हेच सांगितलं म्हणता. म्हणजे सांगणार होते. आपल्याला एकमेकांसमोर उभं करून.

तुम्ही विचारलंत, जायचं का. मला माहीत नाही. आईला अजून काही ठाऊक नाही.


२ नोव्हेंबर

आईला सांगितलं.

महिनाभर मी वाक्यं जुळवत होतो. शेवटी एकही कामी आलं नाही. ती पडदे शिवत होती. तिने उभी हयात गणवेशांच्या कारखान्यात काढली आहे, घरीही मशीन रिकामं ठेवत नाही. मी समोर बसून म्हटलं, "आई, बाबांचं आणखी एक घर होतं. तिथे बायको आहे आणि मुलगी आहे. मुलगी माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे."

मशीन चालूच राहिलं. तिने कापड ओढलं, टाके घातले, टोकाशी आल्यावर दोरा दाताने तोडला. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग तिने विचारलं, मुलगी काय करते? मी म्हटलं, जनावरांची डॉक्टर आहे. दिसायला? मी म्हटलं, त्यांच्यासारखी. तिने पुढचा पडदा घेतला. कुठे राहतात, घर स्वतःचं आहे का, ते जायचे तेव्हा किती दिवस राहायचे, असं ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. रडेल, ओरडेल, निदान मला खोटं ठरवेल, अशी माझी तयारी होती. ती चादर घेताना दुकानदाराला विचारावं तसं विचारत होती.

मग सुट्टीचं निघालं. मी सांगून गेलो की तिकडच्यांना ते दरवर्षी समुद्रावर न्यायचे.

तेव्हा मशीन थांबलं.

"समुद्रावर?"

"हो."

"पाण्यात उतरायचे?"

मी तुम्ही लिहिलेलं सांगितलं, की सकाळ-संध्याकाळ उतरायचे, लाटांवर पडून राहायचे. आई माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता, कुणीतरी मागून ढकलल्यासारखा. म्हणाली, "मी लहान होते तेव्हापासून मला समुद्र बघायचा होता. लग्न झाल्या झाल्या बोलले होते. छातीला बाधतं म्हणाले. मी त्यांच्यासाठी लोकर विणायचे रे छातीला."

आणि मग ती रडली. सवतीसाठी नाही, मुलीसाठी नाही, समुद्रासाठी. मला तिला धरताही येईना. खांद्यावर हात ठेवला तर झटकून टाकला. बायको आली, तिने पाणी दिलं, आईने तिलाही बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत खोलीतून मशीनचा आवाज येत होता. कापड संपलं असणार, कारण नंतर मी पाहिलं तर तिने एकाच पडद्यावर शिवणीवर शिवण घातली होती.

दोरीवरचा टॉवेल आज सकाळी दिसला नाही.

चहा घेताना ती म्हणाली, खोल्या अजून आहेत का विचार. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "मला जायचंय."

तुम्हांला कसं वाटतं ते कळवा. तुमच्या आई काय म्हणतील?


१३ नोव्हेंबर

तुमचं पत्र मिळालं.

तुमच्या आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठीक. म्हणजे ठीक काहीच नाही. हे वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. मी गृहीत धरलं होतं की एका माणसाने चौघांना फसवलं. आता कळतं की फसलेले तिघेच. तुम्हीही त्यात आहात, आणि तुमच्या तर घरातच ते चाललं होतं. तुम्ही लिहिता, आई म्हणते, मी त्यांना वचन दिलं होतं की त्या घराकडे फिरकणार नाही, फोन करणार नाही. म्हणून ऑगस्टपासून तिने तुम्हांलाही अडवून धरलं, येतील, येतील म्हणत. मी तुमच्या जागी असतो तर भांडी फेकली असती. तुम्ही नुसतं लिहिलंय, 'मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही, पण तिच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते.'

आईपासून हे लपवावं असं एकदा मनात आलं. पण आता या घरात आणखी काही लपवायची ताकद माझ्यात नाही. सांगितलं. तिने मशीनमधला दोरा बदलला. मग म्हणाली, "मी तिला भेटायला जात नाहीये. मी फिरायला जातेय. वाटेत भेटली तर भेटली." आणि मग, मी दारापर्यंत गेल्यावर, "पायऱ्या किती आहेत तिथे? तिच्या गुडघ्याला झेपतील का?"

मी म्हटलं, मॅनेजरला विचारून सांगतो.

आता कामाचं. मॅनेजरशी बोललो. तो बिचारा घाबरला आहे. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ही दोन भावांची कुटुंबं आहेत आणि साहेब मोठ्या मनाने दोन्हीकडचं बघतात. त्याने बाबांचा बेत सांगितला. आम्ही आधी वर डोंगरात राहायचं, तुम्ही खाली किनाऱ्यावर. मग एकाच सकाळी दोन गाड्या निघणार, आमची खाली, तुमची वर, आणि दोन्ही रस्ते त्या जुन्या शहरापाशी मिळतात. तिथून पुढे जागा बदलायच्या. आम्ही तुमच्या खोल्यांत, तुम्ही आमच्या. मी विचारलं, साहेब स्वतः कुठे असणार होते? म्हणाला, 'ते आदल्या दिवशीच येऊन तिथे थांबणार होते.'

मला ते डोळ्यांसमोर येतं. दगडांच्या त्या पसाऱ्यात एकटाच उभा असलेला म्हातारा आणि दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांची धूळ. आयुष्यभर ज्याला एक वाक्य बोलता आलं नाही, तो तिथे काय बोलणार होता? मला राग येतो, आणि मग त्याची दयाही येते, आणि दया आली म्हणून पुन्हा राग येतो.

बेत तोच ठेवू. नवा आखायला बसलो तर आपलं भांडण होईल. आईचा एकच बदल आहे, गाडीत पुढच्या सीटवर ती बसणार. इतकी वर्षं तिथे बाबा बसायचे.

वर थंडी असते, तुमच्या आईसाठी कानटोपी घ्या. आम्हांला किनाऱ्यावर काय लागतं ते तुम्ही कळवा. आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.


१९ डिसेंबर

तुम्ही-तुम्ही पुरे झालं. काल तुला समोरासमोर 'तू' म्हणालो आणि जीभ अडली नाही, तेव्हा आता इथेही तसंच.

तुम्ही वर आहात आणि आम्ही खाली, तुझ्या नेहमीच्या खोलीत. खिडकीतून पाणी दिसतं. उद्या फोनवर बोलता येईल, पण मला हे लिहायचंच होतं, कारण तू तेव्हा गाडीवाल्याशी बोलायला गेली होतीस आणि तुला ते दिसलं नाही. तुझी आई तुला सांगेलच असं नाही.

तुम्ही पोचायच्या तासभर आधी आम्ही आलो होतो. आईने सगळं हिंडून पाहिलं, मोडके खांब, दगडी नाली, कोरडा तलाव. तिला ते आवडलं. एवढ्या लोकांची घरं होती आणि कुणी काही सांगायला उरलं नाही, असं म्हणाली. मग तुमची गाडी आली. तुझी आई उतरली आणि तिला काय करावं ते कळेना. मी सगळी वाक्यं ठरवून ठेवली होती, मधे पडायची.

आई तलावाच्या वरच्या पायरीवर बसली होती. तिने पिशवीतून गाडीतली उशी काढली आणि शेजारच्या दगडावर टाकली. गुडघ्यासाठी. तुझी आई बसली. तू तेव्हा वळून गेलीस.

मग आईने विचारलं, "तुम्हांला ठाऊक होतं?"

"हो."

"मग तुम्हांला कसं वाटायचं?"

तुझी आई म्हणाली, "ते निघाले की दर वेळी वाटायचं, आता येणार नाहीत. पुन्हा दारात दिसेपर्यंत मला जेवण जायचं नाही." आणि ती रडायला लागली. रुमाल सापडेना, तर आईने आपला दिला.

मग आई म्हणाली, "मला ते फिरतीवर गेले की बरं वाटायचं."

तुझ्या आईने मान वर केली. मीही. चाळीस वर्षं ज्या घरात राहिलो त्या घराबद्दल मी हे पहिल्यांदा ऐकत होतो.

"खरं सांगते," आई म्हणाली. "पलंगावर आडवं पसरून झोपता यायचं. मनाला येईल ते रांधायचं, नाहीतर नाही रांधायचं. मला वाटायचं, मीच वाईट बाई आहे. नवरा कष्ट करतोय आणि मी इथे सुखात आहे. म्हणून परत आले की दुप्पट करायचे त्यांचं." मग म्हणाली, "तेवढं तरी करायला नको होतं."

तुझी आई रडता रडता हसली. ते हसणं फार वाईट होतं, कारण आई हसली नाही. ती उठली आणि म्हणाली, "मला तुमचा राग आहे. तो जाईल असं वाटत नाही. पण तुमची मुलगी चांगली आहे." आणि गाडीत पुढे जाऊन बसली.

एवढंच. मी अजून सावरलो नाही. बाबांचं दुसरं घर कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली असं वाटलं होतं, पण निदान आमचं घर काय आहे ते मला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी इथे पोचलो. मॅनेजर किल्ल्या घेऊन पुढे आला. अजून गोंधळलेलाच होता. अदबीने आईला विचारलं, आपण साहेबांच्या वहिनी का? आई म्हणाली, "मी बायको. वर गेली तीही बायको. तुम्ही किल्ली द्या." त्याच्या हातातला जुडगा खाली पडला. मी उचलला.

आज सकाळी ती पाण्याजवळ गेली. मी मागे राहिलो. चपला हातात घेऊन कितीतरी वेळ ती ओल्या वाळूच्या अलीकडे उभी होती, पुढे जाईना. मग एक लाट तिच्यापर्यंत आली. तिने खाली पायांकडे पाहिलं. दुसरी आली. ती घोट्यापर्यंत गेली, मग गुडघ्यापर्यंत, कपडे भिजले, मी हाक मारली तर हात हलवून गप्प बस म्हणाली. लांब आत काही माणसं पोहत होती, नुसती डोकी दिसत होती, वर-खाली. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. उन्हं चांगली वर येईपर्यंत.

परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते. मी टॉवेल दिला. तिने तोंड पुसलं, जीभ ओठांवरून फिरवली, खारट आहे म्हणाली. आणि मग, अगदी सहज, बाजारातून येताना काहीतरी राहिलं असावं तसं:

"तुझ्या बहिणीला पोहता येतं का रे? विचार तिला. माझ्या वयाच्या बाईला शिकवेल का म्हणावं."

म्हणून विचारतो आहे. शिकवशील का?